व्रीहीच्या जागी नीवार

बुलेटिन बोर्ड म्हणजे कुणाच्या तरी घरात टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवलेला संगणक. दुसऱ्या घरातल्या संगणकाने मोडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा, पलीकडच्या संगणकाने तो उचलायचा आणि पडद्यावर अक्षरे उमटू लागायची. आलेल्याने आपले नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा, आपल्या नावाने आलेले निरोप वाचायचे, इतरांसाठी लिहून ठेवायचे, एखादी फाइल उतरवून घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. बहुतेक बोर्डांना तार एकच असे, म्हणून एका वेळी पाहुणाही एकच. बाकीच्यांना फोन एंगेज लागे. असा पहिला बोर्ड वॉर्ड ख्रिस्टन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू केला. त्या हिवाळ्यातल्या हिमवादळाने शहर ठप्प झाले असताना दोघांनी हे काम हाती घेतले होते. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेटची सुरुवात केली. त्यात रात्री बोर्डच एकमेकांना फोन करून निरोप पुढे पोचवत. इंटरनेट घरोघरी आले तसे बहुतेक बोर्ड बंद पडले.

थोडे उरले, काही नव्याने उघडले, आणि आज जगभरचे हौशी लोक त्यांना जुन्याच संगणकांवरून जोडतात. १९८२ सालच्या कमोडोर ६४ ला एका पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी दिसतात आणि त्याची स्मृती ६४ किलोबाइट. त्याच्या मागच्या खोबणीत पूर्वी टेलिफोन मोडेम बसे. आता तिथे काडेपेटीएवढे वाय-फाय मोडेम बसते. संगणकाला हा फरक कळत नाही. तो पूर्वीसारखाच 'एटीडीटी' असा हुकूम देतो, म्हणजे टोनवर नंबर फिरव. वाय-फाय मोडेम काहीही फिरवत नाही. ते घरच्या राउटरमधून इंटरनेटवर जाते, दिलेला पत्ता गाठते आणि संगणकाला 'कनेक्ट' एवढा जुना शब्द परत देते. पलीकडे कधी खरोखरच कमोडोर असतो; बहुधा मात्र एखादा आधुनिक छोटा संगणक जुन्या बोर्डाचे काम करत असतो. म्हणजे तार गेली, टेलिफोन गेला, एक्स्चेंज गेले, फ्लॉपीही गेली. मग जे घडते ते बोर्डाला जोडणे आहे की त्याचा देखावा?

हा प्रश्न हौसेपुरता वाटला तरी धर्मविचारात त्याला मोठे स्थान आहे. विधी सांगितला आहे, पण सांगितलेले साहित्य आता मिळत नाही. अशा वेळी विधी सोडायचा, की दुसऱ्या साहित्याने करायचा? दुसऱ्या साहित्याने केलेला विधी तोच राहतो का? पूजेत दागिन्यांच्या जागी अक्षता वाहणाऱ्या आणि सुपारीचा गणपती मांडणाऱ्या प्रत्येक घराने याचे उत्तर व्यवहारात दिलेले आहे. ते उत्तर बरोबर का, याची तर्कशुद्ध छाननी पूर्वमीमांसेने केली. महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा विसाव्या शतकातही जागती होती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश याच शतकात बाहेर पडला.

प्रश्नाची धार कळायला आधी मुळात काय होते ते जवळून पाहिले पाहिजे. उदाहरणाला एक गाव घेऊ. आंबेगाव तालुक्यातले कळंब पुणे-नाशिक महामार्गावर, मंचर आणि नारायणगाव यांच्या मधे, घोड नदीकाठी आहे. १९९० च्या सुमारास इथून बोर्डाला जोडायचे तर फोन लावायचा तो मुंबईला किंवा बंगळुरूला. मुंबईत सुचित नंदा यांचा 'लाइव्ह वायर' चालत होता. बंगळुरूत अतुल चिटणीस यांनी १९८९ साली 'सीआयएक्स' सुरू केला होता. कळंबहून यांपैकी कुठेही फोन म्हणजे एसटीडी. मीटर पळत राही, दर अंतरावर ठरे, आणि रात्री उशिरा तो पाव होई म्हणून लांबचे फोन रात्रीच लागत. एसटीडी बूथवर मोडेम जोडता येत नसे; घरी स्वतःचा फोन हवा. त्या काळी फोनच्या अर्जावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

तारेतून जे जाई तेही पाहण्यासारखे आहे. ३०० बॉडच्या मोडेमने एक 'ए' पाठवायचा तर त्याचा ६५ हा अंक आठ बिटांत मांडला जाई, पुढे एक आरंभाचे आणि मागे एक शेवटाचे बिट लागे. फोन लावणाऱ्याच्या बाजूने एकाच्या जागी ९८० हर्ट्झचा सूर आणि शून्याच्या जागी ११८० हर्ट्झचा. पलीकडून उत्तर येई ते १६५० आणि १८५० हर्ट्झवर, म्हणजे दोघे एकाच तारेवर एकमेकांत न मिसळता बोलू शकत. एका अक्षराला दहा सूर, सेकंदाला तीस अक्षरे. कमोडोरचा एक भरगच्च पडदा उमटायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागे. वाचणाऱ्याचा डोळा अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नसे, त्यामुळे समोर आलेला निरोप पुरता वाचला जाई. तारेवर खरखर झाली तर मधेच भलती चिन्हे उमटत. घरात कुणी दुसरा रिसीव्हर उचलला तर जोडणीच तुटे.

तार आणि सूर गेल्यावरही बोर्ड तोच राहतो का, यावर सर्वांत कठोर उत्तर बौद्धांचे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंदाला त्याच्याच रथावरून प्रश्न विचारतो. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? एकही नाही, आणि त्या भागांवेगळा रथही नाही. 'रथ' हे त्या जुळणीला दिलेले व्यवहाराचे नाव. बोर्डाची अशीच फोड केली तर तार, मोडेम, फ्लॉपी, प्रोग्राम यांतले एकही 'बोर्ड' ठरत नाही. मग यातले काही बदलले म्हणून 'खरा बोर्ड' हरवला असे म्हणायला आधारच उरत नाही, कारण खरा असा वेगळा कधी नव्हताच. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे उदाहरण येते. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नाही, आणि निराळीही नाही. हा संवाद कळंबशेजारच्या जुन्नरच्या परिसराला परका नाही. इथल्या बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघाला भोजनमंडप दिला. मिलिंदाच्याच जातकुळीचे म्हणवणारे लोक या डोंगरांत दान देऊन गेले.

बौद्ध उत्तर प्रश्नाचा पाया काढून घेते, आणि तिथेच ते अपुरे पडते. रथ नाममात्र असला तरी बैलगाडीला रथ म्हणून चालत नाही. कुठला बदल नाव टिकवतो आणि कुठला टिकवत नाही, हे ठरवायला आणखी काहीतरी लागते.

अद्वैत वेदान्त ते 'तोच हा देवदत्त' या प्रसिद्ध उदाहरणाने पुरवतो. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी दिसला, तर 'तेव्हाचा-तिथला' आणि 'आताचा-इथला' ही दोन्ही विशेषणे विरोधी आहेत. ती सोडायची आणि उरलेला माणूस घ्यायचा. बोर्डाला हे लावून पाहिले की अडचण लगेच दिसते. देवदत्ताच्या बाबतीत विशेषणे सोडल्यावर माणूस उरतो. बोर्डाच्या बाबतीत तार, काळ, गाव आणि यंत्र सोडल्यावर काय उरते ते आधीच ठाऊक असेल तरच 'तोच हा' म्हणता येते. शिवाय कापून पुन्हा वाढलेल्या केसांनाही आपण 'तेच केस' म्हणतो. नुसत्या ओळख पटण्यावर विसंबून चालत नाही. ओळख साम्यानेही फसते. जुना पडदा, जुना रंग, जुनी अक्षरे दिसली की मन 'तेच' म्हणून मोकळे होते. जुन्या वस्तूंच्या ओढीत हा धोका नेहमीच असतो.

मीमांसेची वाट वेगळी आहे. तिला वस्तूच्या सत्तेपेक्षा कृतीत रस आहे. 'हे तेच आहे का' असे न विचारता 'सांगितलेले काम घडले का' असे ती विचारते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतला सहावा अध्याय अधिकाराचा, आणि त्याच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आहे. दर्शपूर्णमास यागात पुरोडाश, म्हणजे आहुतीची रोटी, व्रीहीचा, म्हणजे भाताचा सांगितला आहे. व्रीही मिळाला नाही, किंवा काम सुरू झाल्यावर नासला, तर? हे कर्म नित्य आहे, सोडता येत नाही. म्हणून नीवार घ्यावा, म्हणजे आपोआप उगवणारा देवभात. कारण असे दिले आहे की व्रीहीच्या अंगचे जे घटक पुरोडाशाला लागतात त्यांतले पुष्कळ नीवारातही आहेत. नीवार 'व्रीहीसारखा दिसतो' एवढ्यावर भागत नाही. तो त्या कामाला किती पुरतो हे पाहायचे.

यात एक बारकावा आहे, आणि तो आपल्या विषयाला फार नेमका लागू पडतो. नीवार वापरला तरी मंत्रातला 'व्रीही' हा शब्द बदलायचा नाही. जिथे यागच दुसरा असतो, म्हणजे मूळ यागावर बेतलेली विकृती असते, तिथे मंत्रातले शब्द परिस्थितीनुसार बदलतात. त्याला ऊह म्हणतात. प्रतिनिधीच्या बाबतीत ऊह नाही, कारण नीवार तिथे नीवार म्हणून घेतलेलाच नसतो, व्रीहीचे काम करणारा म्हणून घेतलेला असतो. वाय-फाय मोडेमला दिलेला 'एटीडीटी' हा हुकूम शब्दशः पाहिला तर खोटा आहे: तिथे टोन नाही, डायल नाही, नंबर नाही. तरी हुकूम तोच ठेवला आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक दुसरी भाषा जाणत नाही हे त्याचे तांत्रिक कारण. पण मीमांसेच्या नजरेने पाहिले तर तो न बदललेला हुकूमच सांगतो की नवी वस्तू जुन्या वस्तूच्या जागी, तिचे काम करायला आली आहे. हुकूम बदलून इंटरनेटचा नवा शब्द घातला असता तर ती नवी क्रिया झाली असती.

प्रतिनिधीला मर्यादाही आहेत. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला चालत नाही, अग्नीला चालत नाही, मंत्राला आणि क्रियेला चालत नाही. एकट्याच्या यागात यजमानालाही चालत नाही. ऋत्विज, म्हणजे याग करणारे पुरोहित, दक्षिणा देऊन नेमता येतात. पण ज्याने संकल्प केला आणि ज्याला फळ मिळायचे, त्याच्या जागी दुसरा बसवता येत नाही.

ही यादी बोर्डावर ठेवली की गोंधळ बराच निवळतो. तांब्याची तार, टेलिफोन, फ्लॉपी, काचेचा पडदा हे सगळे द्रव्य. त्याच्या जागी दुसरे आले तर बिघडत नाही. लिहिणारा माणूस यजमान आहे. निरोप आपोआप गोळा करणारा प्रोग्राम बोर्डाला जोडला तर जोडणी झाली, भेट झाली नाही. आणि ज्याला उद्देशून लिहायचे ते पलीकडचे माणसांचे जग, बोर्ड चालवणारा सिसॉप आणि त्याचे बाकीचे पाहुणे, हे देवतेच्या जागी आहेत. एखाद्या बंद पडलेल्या बोर्डाच्या सगळ्या फाइली जतन करून कुणी आपल्याच संगणकावर तो बोर्ड जसाच्या तसा 'चालवला', तर पडदा तोच दिसेल, निरोपही मूळचेच असतील. पण लिहिलेले वाचायला तिथे कुणी नाही. हे बखर वाचण्यासारखे आहे, आणि बखर वाचणे मोलाचेच काम आहे. मात्र ते बोर्डाला जोडणे नव्हे. द्रव्य शंभर टक्के अस्सल असूनही उद्देश गेला, की कर्म दुसरे झाले.

याची उलट बाजू जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला दगडात उभी आहे. डोंगरातले सातवे लेणे बौद्ध भिक्षूंचा विहार म्हणून खोदले गेले. आज तेच गिरिजात्मज गणपतीचे देऊळ आहे आणि अष्टविनायकांच्या यात्रेत माणसे पायऱ्या चढून तिथे येतात. खडक तोच, भिक्षूंच्या खोल्या त्याच. भिक्षूंचा धर्म मात्र तिथे आता चालत नाही, गणपतीची पूजा चालते, आणि ती आपल्या जागी पूर्ण खरी आहे. द्रव्य टिकले म्हणून कर्म टिकते असे नाही. काचेच्या कपाटात ठेवलेला अस्सल कमोडोर आणि रोज रात्री निरोप नेणारे साधे वाय-फाय मोडेम, यांत बोर्डाची परंपरा दुसऱ्याकडे आहे.

द्रव्याची अदलाबदल आपण विचार न करता मान्य करतो, याचा दाखलाही जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ साली विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झाले. त्याआधी भारतातून परदेशी फोन लघुलहरींच्या रेडिओवरून होत; आता बोलणे आर्वीच्या मोठ्या अँटेनातून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे आणि तिथून पलीकडे जाऊ लागले. वाट पार बदलली, उत्तर यायला पाव सेकंदाहून जास्त उशीर होऊ लागला. तरी लंडनला असलेल्या मुलाशी बोलणाऱ्या आईला हा फोन वेगळ्या जातीचा आहे असे वाटले नाही, आणि तिचे बरोबर होते.

तरीही एक तक्रार उरते आणि ती खरी आहे. जुन्या बोर्डात एक जण आत असताना दुसऱ्याला बाहेर थांबावे लागे. आत असलेल्याला माहीत असे की आपण तार अडवून बसलो आहोत; म्हणून तो आटोपते घेई, आधी सगळे वाचून मग मोजके लिही. ही मर्यादा द्रव्यातून आली होती, पण ती क्रियेचा भाग बनून गेली होती. इंटरनेटवरून शेकडो जण एकदम आत येऊ शकणाऱ्या बोर्डात ती उरत नाही. क्रियेला प्रतिनिधी नाही हा नियम इथे आड येतो. म्हणून ज्या हौशी सिसॉपांनी आजही खऱ्या जुन्या यंत्रावर, एका वेळी एकच पाहुणा घेणारा बोर्ड चालू ठेवला आहे, आणि आत कुणी असेल तर वाय-फायवरून येणाऱ्यालाही 'बिझी' असेच उत्तर मिळते, त्यांचे काम बहुजनी बोर्डांपेक्षा मुळाच्या जास्त जवळ आहे. मीमांसेचा आणखी एक नियम यांना बळ देतो. प्रतिनिधीही हरवला तर पुढचे द्रव्य मूळ द्रव्यासारखे शोधावे, हरवलेल्या प्रतिनिधीसारखे नव्हे. नीवार नासला तर नीवारासारखे काही शोधत बसायचे नाही. पुन्हा व्रीहीकडे पाहायचे. नकलेची नक्कल, मग तिची नक्कल असे होत होत मूळ नाहीसे होते, ते या नियमाने टळते. उद्या वाय-फायचीही सद्दी संपेल तेव्हा पुढचे साधन निवडणाऱ्याने टेलिफोनच्या एकेरी तारेकडे पाहावे, आजच्या चिपकडे नाही.

मग काही जणांचा आग्रह असतो की ३०० बॉडच हवे, सूर ऐकू आलेच पाहिजेत, खरी तार हवी, त्यांचे काय? इथे नित्य आणि काम्य हा भेद उपयोगी पडतो. नित्य कर्म जमेल तेवढ्या अंगांनी केले तरी चालते. न करणे हाच दोष. काम्य कर्म फळाच्या इच्छेने केलेले असते, आणि ते सर्व अंगांसह पुरे झाले तरच फळ देते. ज्याला १९८५ सालचा अनुभव हवा आहे त्याचे कर्म काम्य आहे. त्याने सूर, उशीर, खरखर यांतले एकही अंग वगळून चालणार नाही, आणि एवढे सारे जमवूनही एक अंग जमणार नाही: त्या वेळी हे सगळे नवे होते, ते नवेपण आता आणता येत नाही. ज्याला पलीकडच्या माणसाला उत्तर द्यायचे आहे, ज्याच्या नावाने तिथे निरोप येऊन पडला आहे, त्याचे कर्म नित्याच्या बाजूला झुकते. त्याने मिळेल त्या साधनाने जोडावे. दोघेही एकाच यंत्रासमोर बसलेले असतात. संकल्प निराळा, म्हणून नियम निराळे.

भक्तिपंथाला ही सारी काथ्याकूट अनावश्यक वाटेल. ओतूर जुन्नर तालुक्यातच आहे, आणि तिथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना गुरूपदेश झाला तो याच बाबाजींकडून, माघ शुद्ध दशमीला, आणि स्वप्नात. गुरू समोर नाही, कानात बोलणारा देह नाही, कसलेही द्रव्य नाही. तरी वारकरी परंपरेने तो उपदेश पूर्ण मानला, त्याला दुय्यम म्हटले नाही. नामाला साहित्य लागत नाही, म्हणून तिथे प्रतिनिधीचा प्रश्नच उठत नाही. हे उत्तर मोठे आहे. पण तोच संप्रदाय एसटी आणि रेल्वे असताना पंढरीला पायी जातो, आणि पालखीत पादुका ठेवून त्यांच्याबरोबर चालतो. म्हणजे साधन अगदीच गौण असते असे भक्तीही मानत नाही. नाम कुठेही घ्यावे, वारी मात्र पायी करावी. वाट चालणे हाच जिथे क्रियेचा गाभा, तिथे वाटेला पर्याय नसतो.

सहाव्या अध्यायाची दुसरी बाजू मात्र झाकून ठेवता येणार नाही. ज्या अध्यायात प्रतिनिधीचा इतका उदार विचार आहे, त्याच्याच पहिल्या पादात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारला आहे. तिथे बादरी या आचार्याचे मत नोंदलेले आहे की अधिकार सर्वांना असावा; ते पूर्वपक्ष म्हणून मांडले आणि बाजूला सारले. द्रव्य नसेल तर वाट काढणारे शास्त्र माणसाच्या बाबतीत दार लावून बसले. बादरी हरला ही या शास्त्राची मोठी हानी आहे, आणि संतांनी पुढे जे केले त्याचे बळ या दारापाशीच कळते.

बोर्डाच्या जगातही अधिकाराचा प्रश्न होता. शास्त्राने नव्हे, पैशाने आणि कायद्याने ठरलेला. संगणक, मोडेम, फोन आणि एसटीडीचे बिल ज्याला झेपे तोच आत. मग दूरसंचार खात्याने १८८५ च्या तार कायद्याच्या आधारे बोर्डांकडून परवान्याचे जबर शुल्क मागायला सुरुवात केली. छंद म्हणून घरच्या फोनवर बोर्ड चालवणाऱ्यांना ते परवडण्यासारखे नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने इंटरनेट लोकांना खुले केले आणि वादच मागे पडला. कळंबसारख्या गावातल्या बहुतेकांच्या वाट्याला बोर्ड कधी आलेच नाहीत. आज तिथल्या कुणी जुन्या बाजारातून आणलेला संगणक दुरुस्त केला, काहीशे रुपयांच्या चिपचे मोडेम जोडले, तर अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या बोर्डावर तो एका मिनिटात पोचतो, आणि मीटर पळत नाही. मूळ द्रव्याने ज्याला बाहेर ठेवले त्याला प्रतिनिधीने आत घेतले. अशा माणसाला आठवण नाही, म्हणून 'तोच हा' असे त्याला म्हणता येणार नाही. तरी त्याची जोडणी कमी प्रतीची ठरत नाही. नीवार हा विधीच्या दृष्टीने व्रीहीचा प्रतिनिधी आहे; करणाऱ्याने व्रीही कधी पाहिला होता का, हे तिथे कुणी विचारत नाही.

शेवटचा प्रश्न सिसॉपचा. रँडी स्यूस २०१९ साली गेले, वॉर्ड ख्रिस्टन्सन २०२४ साली. पहिल्या पिढीतले बोर्डवाले एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्या डिस्क घेऊन दुसरा कुणी बोर्ड चालू ठेवतो तेव्हा तो बोर्ड तोच का, हे विचारावेच लागते. एकट्या यजमानाला प्रतिनिधी नाही; त्या न्यायाने एकाच माणसाचा बोर्ड त्याच्याबरोबर संपतो, आणि त्याच नावाने उघडलेला पुढचा बोर्ड नवा असतो. पण सत्राची गोष्ट वेगळी. सत्र म्हणजे पुष्कळ यजमानांनी मिळून केलेला दीर्घ याग. त्यात चालू सत्रात एखादा यजमान मेला तर संख्या पुरी करायला दुसरा घेता येतो. फिडोनेट अशा सत्राच्या जातीचे आहे. ते कुणा एकाचे कधीच नव्हते, आणि आज इंटरनेटवरून निरोप नेत ते अजून चालू आहे. गळालेल्याच्या वाटचे निरोप पुढचा कुणी पोचवतो. सत्रात असा मागाहून आलेल्याविषयी जैमिनीचा निर्णय दुहेरी आहे: तो स्वामी होत नाही, पण स्वामीला लागू असलेले सगळे नियम त्याला पाळावे लागतात.